मामांचं खारींशी वैर

सकाळची पाळी नुकतीच सुरू झाली होती. कुरकुंभच्या आमच्या केमिकल कंपनीत गेटवरचा वॉचमन धावत आत आला. "दत्ताभाऊ, वस्तीवरनं फोन हाय. तुमचं मामा गेलं." अशा वेळी माणसाच्या मनात काय येईल, सांगता येत नाही. माझ्या मनात आधी मामी आली. मामा गेले... मग आता मामी जेवणार कशी? हेल्मेट तिथंच टाकून निघालो. या गोष्टीला आता काही आठवडे झाले, तरी लिहायला बसलो की रडू येत नाही, आधी राग येतो. म्हातारा इतका हट्टी, सगळ्यांच्या नाकी नऊ आणणारा, आणि गेला मात्र झोपेत, कुणाला हाक न मारता.

मामा म्हणजे माझ्या आईचा थोरला भाऊ. अर्धं आयुष्य मेंढरांमागं रानोमाळ काढलं, मग दौंडजवळ भीमेच्या काठाला वस्ती करून शेतीला लागले. मला कुरकुंभला नोकरी लागल्यावर मी बायकोला घेऊन त्यांच्याकडंच राहायला आलो. मूलबाळ नव्हतं त्यांना. मामी तेव्हा नुसती बडबडी. घरात दुसऱ्या कुणाला बोलायची संधी मिळायची नाही. नव्वदच्या दशकाच्या शेवटी तिला लकवा झाला. उजवं अंग गेलं, वाचा गेली आणि जगायची इच्छाही गेली असावी, कारण तिनं जेवायचंच सोडलं. घास पुढं केला की दात गच्च. पोटात अन्न गेलं नाही तर औषध काय करणार, म्हणून डॉक्टरांनी हात टेकले. आमच्याकडं बाजरी काढली की कणसांची एक जुडी चिमण्यांसाठी टांगायची रीत आहे. त्या वर्षी मामांनी ती मामीच्या खिडकीसमोरच्या कडुलिंबाला टांगली. एक चिमणी आली, दाणा टिपला. मामी टक लावून बघत होती. मामांनी दुधात कुस्करलेली भाकरी तिच्या ओठाशी नेली आणि म्हणाले, "हौसा, बघ, तिनं घेतला. आता तू घे." आणि मामीनं चक्क तोंड उघडलं! त्या दिवसापासून पाखरं खातील तेवढंच मामी खाणार, असा नेमच होऊन बसला.

आणि तिथंच खारी आडव्या आल्या. लिंबावर त्यांचं अख्खं खटलं होतं. जुडीवर खार उतरली की चिमण्या भुर्र, आणि चिमण्या उडाल्या की मामीचं तोंड बंद. मामांचा संताप काय वर्णावा! त्यांनी माळ्यावरून वाघर काढली. वाघर म्हणजे मेंढरं कोंडायची जाळी. जुडीभोवती ती बांधून मामा ऐटीत म्हणाले, "लांडगं आडवलंत म्या, ह्या चिंगळ्या काय!" आता मेंढरांची जाळी ती, दारातून यावं तशी खार तिच्यातून आत गेली. मला हसू आवरेना. मामांनी असा डोळा वटारला, की मी मुकाट जाळी सोडायला उठलो. मग खोडाला बाभळीचे काटे बांधून झाले. खारी शेजारच्या पत्र्यावरून यायला लागल्या. मामी दिवसेंदिवस वाळत होती. तिचं मनगट माझ्या दोन बोटांच्या कड्यात मावायला लागलं.

शेवटी मामांनी डोकं चालवलं ते मेंढपाळाचंच. मेंढरांच्या गोचिडांवर मारायचं औषध घरात होतं. वासानं खार जवळ येणार नाही, या हिशेबानं त्यांनी ते जुडीच्या दोरीला चोपडलं. सकाळी मी पाळीला निघालो होतो. खारींचा पत्ता नव्हता. चिमण्यांचा थवाच्या थवा येऊन फांदीवर बसला होता, मामी मान वळवून बघत होती, तिनं तोंडही उघडलं होतं. मामा घास उचलणार, एवढ्यात त्यांचा हात थांबला. रात्री दव पडलं होतं. दोरीवरून थेंब ओघळून कणसं ओली झाली होती. मामांचा चेहरा पांढराफटक पडला. "दत्ता... इख उतारलं रं खाली." पाखरं हाकलावीत तर मामी जेवत नाही, न हाकलावीत तर मामीच्या डोळ्यांदेखत ती तडफडून मरणार. एक चिमणी जुडीकडं झेपावली, तसे मामा भाकरी टाकून खिडकीशी धावले आणि "हाऽऽड!" करून असे ओरडले की सगळी वस्ती बाहेर आली. पाखरं उडाली. मामीला काय ठाऊक विषाचं? आपल्याच नवऱ्यानं पाखरं हाकलली, एवढंच तिनं पाहिलं. तिनं भिंतीकडं तोंड फिरवलं.

मामांनी जुडी खड्डा काढून पुरली, नवी टांगली, हात घासघासून धुतले. पाखरं मात्र फिरकेनात. मामी जेवेना, म्हणून मामाही जेवेनात. दोन म्हातारी माणसं एकमेकांसमोर उपाशी बसलेली... मला कामावर काही सुचायचं नाही. माझी बायको तर भांडलीच त्यांच्याशी, "मामा, दोघं बी मराया बसलाय का?" मामा म्हणाले, "तिच्या आधी म्या कसा खाऊ, पोरी?" मग एका दुपारी मामीनं डाव्या हातानं ताटातली भाकरी चाचपली, तुकडा मोडला आणि मामांच्या तोंडासमोर धरला. मामांनी तो घेतला आणि पोरासारखे रडले. पाखरंही पुढं परतली. त्यानंतर सगळी वर्षं मामा खिडकीशी बसायचे, एका हातात मामीचा घास आणि दुसऱ्या हातात खिडकीबाहेर काढलेली काठी. खार दिसली की शिव्यांचा पट्टा सुरू. इतकी वर्षं एकदाही खारीला काठी लागली नाही, हेही सांगून टाकतो.

मामा गेले आणि मामीनं पुन्हा दात आवळले. पाखरं येत होती, पण ती बघायचीच नाही; दाराकडं डोळे लावून पडायची. बळेबळे दोन चमचे दूध, बस्स. दहाव्याला भीमेच्या घाटावर पिंड ठेवला. कावळे झाडावर बसले होते, खाली एकही उतरेना. भावकीतले एक आबा म्हणाले, "म्हाताऱ्याचा जीव आडाकलाय. सांग की मामीला सांभाळीन म्हणून." मी हात जोडून मोठ्यानं सांगितलं. कावळा हलेना. ऊन चढलं, भटजींची चुळबुळ सुरू झाली. माझा तर जीव टांगणीला लागला होता. मामीला सांभाळीन असं सांगत होतो खरा, पण ती जेवतच नव्हती आणि ते मामांना कळत असणार, असं सारखं वाटत होतं. तेवढ्यात झाडावरून सर्रकन खार उतरली, थेट पिंडावर गेली आणि दोन हातांत भात धरून खायला बसली. "हाकला, हाकला तिला!" आबा ओरडले. माझं डोकंच फिरलं. "खबरदार कुनी हात उचलला तर! खाऊ द्या तिला!" भटजींनी दर्भाचा कावळा करून विधी उरकला. मी मात्र खार पोटभर खाऊन जाईस्तोवर तिथनं हललो नाही.

घरी येऊन मी मामीच्या उशाशी बसलो. "मामी, कावळा न्हाई शिवला. मामांचा घास खारीनं खाल्ला. सगळ्यांच्या म्होरं बसून, निवांत." मामीनं माझ्याकडं बघितलं. बघता बघता तिचा चेहरा वाकडा झाला, अंग गदगदायला लागलं. पुन्हा झटका आला की काय म्हणून मी घाबरून बायकोला हाक मारली. ती धावत आली, वाकून बघितलं आणि मला म्हणाली, "अवो, हसत्यात त्या." खरंच हसत होती मामी. डोळ्यांतून धारा लागलेल्या आणि हसू थांबत नव्हतं. बायकोनं पटकन वाटी माझ्या हातात दिली. मी भाकरीचा घास कालवला आणि पाखरू आलंय का म्हणून आधी खिडकीकडं बघितलं. मामीनं डाव्या हातानं माझं मनगट धरलं आणि घास स्वतःच तोंडाशी ओढून नेला.