सड्यावरची फक्की

दुपारी विद्यापीठातल्या आपल्या विभागात खुर्चीवर नीलिमाचा डोळा लागतो न लागतो, तोच पंख्याचा आवाज पातळ होतो आणि समोर मुकुंद येऊन बसतो. दोन वर्षांपूर्वी गेलेला तिचा नवरा, विद्यापीठाचा इस्टेट इंजिनिअर. बाह्या नेहमीसारख्या दुमडलेल्या.

"चहा टाकतेस?"

ती उठते, तर पुढ्यात घरचा ओटा आहे.

"साखर?"

"घाल की. आता कसला डायबेटिस."

खिडकीबाहेर वसतिगृहामागचा सडा दिसतो, जांभ्या दगडाचं उघडं पठार. त्यावर माती टाकून हिरवळ करायची, कारंजं बसवायचं आणि बागेला मुकुंदचं नाव द्यायचं, असं घाटतंय. आराखडा त्याचाच, शेवटचा. आज बैठक आहे, परिसर समितीची अध्यक्ष नीलिमा आहे, आणि तिचा होकार सगळ्यांनी गृहीत धरलाय.

"हो म्हणशील ना?"

"नाही."

"नुसता काळा ठिक्कर खडक गं तो."

"तू कायम एप्रिलमध्येच बघितलास."

ती कप द्यायला वळते, तर पायांखाली ओला सडा आणि भाद्रपदातलं ऊन. दगडांच्या खळग्यांत सीतेची आसवं फुललीत, जांभळी, नखाएवढी. मुकुंद बादलीतली चुन्याची फक्की सोडत बागेची आखणी करतोय. पांढरी रेघ फुलांवरून चाललीय.

"इथे माती नाही म्हणूनच ही फुलं येतात," ती म्हणते. "माती टाकलीस की संपली."

"मग हॉस्टेलच्या पोरांनी बसायचं कुठे?"

"तू लावलेल्या झाडांखाली बसतात. बसू देत."

"लोक म्हणतील, बायकोनंच नवऱ्याचं नाव पुसलं."

"म्हणू देत."

"आणि मला काय वाटेल?"

"रुसशील. जिवंतपणी रुसायचास तसा."

तो हसतो, पण हात थांबवत नाही. नीलिमा चप्पल काढते आणि अनवाणी पायानं रेघ पुसू लागते.

"नीलिमा, पुरे."

"थांबवून दाखव."

तो पुढे रेघ ओढतो, ती मागून पुसत जाते. शेवटी तो बादली खाली ठेवतो.

"हट्टी आहेस."

"एवढा संसार केलास, आता कळलं?"

पंख्याचा आवाज परत येतो. समोरची खुर्ची रिकामी आहे. चपला टेबलाखाली. उजव्या पायाचा तळवा पांढराफटक, टाचेच्या भेगांत चुना बसलेला.

ती पायाकडे नीट पाहते. बेसिन कोपऱ्यातच आहे. पाय न धुताच ती चप्पल सरकवते आणि बैठकीला निघते.