नानांच्या घरातली रिकामी बाटली

जगातल्या कुठल्याही वस्तूला एकाच कामावर जन्म काढू द्यायचा नाही, असा पण करून जन्माला आलेला माणूस माझ्या पाहण्यात एकच, आणि तो नेमका माझा मोठा साडू निघाला. अमळनेरात त्यांचं औषधांचं दुकान आहे आणि गाव त्यांना नाना म्हणतं. गल्ल्यावर बसून बसून त्यांची एक खात्री झालेली आहे, की डब्यावर छापलेला उपयोग हा नुसता बनवणाऱ्याचा अंदाज असतो. खरा उपयोग आपण शोधायचा. "साडूबुवा, या घरात कुणी रिटायर होत नाही," असं ते छाती फुगवून सांगतात. त्यावर त्यांची बायको, म्हणजे माझी मेव्हणी, जिला आम्ही सगळे अक्का म्हणतो, स्वयंपाकघरातून ओरडते, "मीसुद्धा!"

दुकानाचं जुनं शटर भंगारात द्यायला त्यांचा जीव होईना. ते गच्चीवर आडवं टाकून त्यांनी अक्काचे उडदाचे पापड वाळत घातले. आमच्याकडचं मे महिन्याचं ऊन आणि खाली लोखंडी पत्रा; अर्धे पापड वाळले आणि अर्धे जागच्या जागी भाजून निघाले. नाना म्हणाले, "एक काम वाचलं!" पुढच्या वर्षी कूलरचं गवत सतत ओलं असतं हे बघून त्यांनी त्यात मेथी पेरली. मेथी झकास उगवली, फक्त हवा येईनाशी झाली, आणि आम्ही सगळ्यांनी घामाघूम होऊन ती भाजी खाल्ली. एकदा तर जळगावच्या बाजारात, कलिंगड पिकलंय की नाही हे ओळखायला, त्यांनी खिशातून स्टेथोस्कोप काढला. एकेका फळाच्या पोटाला लावून, डोळे मिटून ते ऐकत होते. भोवती ही गर्दी! शेवटी विकणाऱ्या म्हाताऱ्यानं हात जोडून विचारलं, "डागतर, कसं शे त्यानं? वाची ना?" मी तोंड लपवून दुसऱ्या गल्लीत गेलो. कलिंगड मात्र लालभडक निघालं, हे कबूल करायला हवं.

तर अशा या माणसाच्या घरी गेल्या वर्षी आजारपण आलं. अक्काच्या हिरड्यांतून रक्त यायला लागलं, अंगावर कुठेही लागलेलं नसताना काळेनिळे डाग दिसायला लागले. तपासण्या झाल्या आणि नाशिकच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, रक्ताचा कर्करोग आहे. पण हा एक वेगळा प्रकार आहे. पहिले काही आठवडे फार जपायचे, त्यातून निभावल्या तर बऱ्या होण्याची आशा चांगली आहे. औषधं दोन. एक कॅप्सूल, म्हणजे जे औषध मलम म्हणून मुरुमांवर लावतात तेच. आणि दुसरं सलाईनमधून, शुद्ध करून काटेकोर मोजलेला सोमल.

नाना खुर्चीत ताठ झाले. मुरुमांच्या त्या ट्यूबा त्यांनी स्वतः कॉलेजच्या पोरींना वर्षानुवर्षं विकलेल्या. आणि सोमल म्हणजे उंदीर मारायचं विष! बायको मरणाच्या दारात आणि या गृहस्थांच्या डोळ्यांत चमक. "बघा साडूबुवा," ते माझ्या कानात कुजबुजले, "मी काय म्हणत होतो!" मला त्यांचा राग आला होता, खोटं कशाला सांगू?

पण उत्साहाला आवर घालणं नानांना कधी जमलेलं नाही. त्यांनी लगेच धुळ्याजवळच्या गावी, अक्काच्या भावाला फोन करून आनंदानं कळवलं, "अक्काला सोमल सुरू केलाय!" आणि फोन ठेवून दिला. तिसऱ्या तासाला पिकअप गाडी भरून सासरवाडी नाशिकच्या दवाखान्याच्या दारात. भाऊ तडक खोलीत शिरले. "नाना, मन्ही बहीणले सोमल पाजी ऱ्हायनात? घरनं बठ्ठं सामान उलटंपालटं करं, आते मन्ही बहीण बी?" नाना भिंतीला टेकले. पलंगावरून अक्काचाच बारीक आवाज आला, "भाऊ, बस. डागतर दी ऱ्हायनात. यासना हातना तं मी चहा बी पेस नही!" नर्सबाईसुद्धा हसल्या. त्या आजारात अक्का पहिल्यांदा हसली ती तेव्हा.

त्यानंतर नानांनी एक वही केली. दुकानातल्या कपाटातली जंताची गोळी, साखरेची गोळी, फिटची, नायट्याची, यातलं काय काय रक्ताच्या कर्करोगावर चालेल याची यादी घेऊन ते डॉक्टरीणबाईंपुढे बसले. बाईंनी ती शांतपणे वाचली. "नाना, यातल्या काही औषधांवर खरंच अभ्यास चाललाय. पण तपासून बघणं वेगळं आणि माणसाला देणं वेगळं. सोमल उंदरांच्या डब्यातून उठून थेट इथे आलेला नाही. कितीतरी लोकांनी तो मोजून, पारखून आणलाय. घरून एकही गोळी द्यायची नाही. शब्द द्या."

नानांनी शब्द दिला. बाहेर व्हरांड्यात बाकावर बसल्यावर वही मिटून म्हणाले, "साडूबुवा, पापड जळले तर दुसरे करता येतात." या माणसाला मी तोवर नुसता हसत आलो होतो. त्या दिवशी मला त्यांच्याबद्दल माया वाटली. सकाळपासून त्यांच्या पोटात काही नव्हतं, म्हणून मी त्यांना खाली नेऊन बळेच दोन घास खायला लावले.

अक्का निभावली. पुढे कित्येक महिने नाशिकच्या खेपा झाल्या, कॅप्सूलचे ठरलेले दिवस झाले, आणि शेवटचा रिपोर्ट स्वच्छ आला. नानांनी त्या काळात वेळेवर ती कॅप्सूल देण्यापलीकडे एकही प्रयोग केला नाही. आता पुन्हा सुरू झालेत. मागच्या आठवड्यात रक्तदाब मोजायच्या पट्ट्यानं ते पपई पिकली का ते बघत होते.

परवा मी अमळनेरला गेलो तेव्हा भरीत-भाकरीचा बेत होता. लवंगांचा डबा शोधताना देवळीत कॅप्सूलची ती शेवटची बाटली दिसली. स्वच्छ धुतलेली, घट्ट झाकणाची. या घरात खोकल्याच्या औषधाच्या टोपणालाही चहाच्या साखरेची नोकरी आहे, आणि ही बाटली रिकामी? मी म्हटलं, "नाना, यात लवंगा मस्त राहतील की."

नानांनी बाटली माझ्या हातातून काढून घेतली, धोतराच्या सोग्यानं पुसली आणि होती तिथे परत ठेवली.

"राहू द्या," ते म्हणाले. "ती रिटायर झाली."

या वेळी स्वयंपाकघरातून कुणी ओरडलं नाही. अक्का दारात येऊन उभी होती, पदराला हात पुसत.