वॉल्टरच्या कॅलेंडरवरची दिवाळी

आमच्या त्या गावात किस्से धुळीसारखे साठायचे. आत्ता पुसलं म्हणेपर्यंत टीव्हीवर नवा थर हजर! वॉशिंग्टन राज्याचा पूर्वेकडचा कोरडा भाग. सिअ‍ॅटलच्या पावसाचं कौतुक आम्ही फक्त ऐकायचो. चहूकडे गहू, आणि गावात मराठी माणसं मोजकीच. हॉस्पिटलच्या फार्मसीत मी, बटाट्याच्या फॅक्टरीत नागपूरचा मिलिंद, आणि आम्हा दोघांचं हक्काचं घर म्हणजे देवधर काका-काकू. नव्वदीच्या दशकातली गोष्ट.

* * *

वसंतात तिथे ऊन असं कडक की काकूंना कुरडयांची हुक्की आली. अंगणात चादर, चादरीवर पांढऱ्याशुभ्र कुरडया. दुपारी वारा सुटला आणि नांगरलेलं अख्खं शेत उठून अंगणात आलं. काकूंनी हट्टानं झटकून, निवडून त्या तळल्याच. मिलिंदनं एक तोंडात टाकली, जरा थांबला, म्हणाला, "काकू, नाचणीच्या का?"

* * *

काका गावातले एकमेव छातीचे डॉक्टर. आणि दमा कोणाला? काकांनाच! एकदा त्यांच्या घरामागे शेती करणारा वॉल्टर खोकत क्लिनिकमध्ये आला. काका त्याची छाती तपासायला वाकले आणि त्यांनाच अशी उबळ आली की थांबेना. वॉल्टरनं खिशातून स्वतःचा दम्याचा पंप काढून पुढे केला. "डॉक्टर, आधी तुम्ही घ्या!"

* * *

काकूंचं एकच टुमणं: पूर्व किनाऱ्यावर एडिसनला लेकीकडे जाऊ, तिथली हवा तरी मानवेल. काकांचं उत्तर ठरलेलं, "हा सीझन संपू दे गं, पेशंट वाढलेत." वसंतात धूळ, उन्हाळ्यात कापणीचा भुसा, शरदात शेतात उरलेली गव्हाची काडं जाळल्याचा धूर, हिवाळ्यात घरोघरच्या लाकडाच्या शेगड्या.

"काका, सीझन नसतो कधी?" मिलिंदनं विचारलं.

काकांनी बोटं मोजली. "मार्चमध्ये एखादा आठवडा सापडेल. पण तेव्हा टॅक्सचं काम असतं यार!"

आम्ही पोट धरून हसलो. हसायला नको होतं असं आता वाटतं. हाताला धरून विमानात बसवायला हवं होतं त्यांना.

* * *

लक्ष्मीपूजनाला काकू पुढचं दार सताड उघडं ठेवायच्या. नेमके तेच काडं पेटवायचे दिवस. धूर सरळ हॉलमध्ये! काका नाकाला मफलर लावून म्हणायचे, "खिडकी चालत नाही का तुझ्या लक्ष्मीला?"

"लक्ष्मी काय चोर आहे खिडकीतून यायला?"

शेवटी एका वर्षी काकू चकल्या-करंज्यांचं ताट घेऊन वॉल्टरकडे गेल्या आणि म्हणाल्या, आमचं दार उघडं असतं, तेवढा एक दिवस काडं पेटवू नका. वॉल्टरनं चकली खात किचनमधल्या कॅलेंडरवर तारखेभोवती गोल केला. त्या संध्याकाळी हवा अशी स्वच्छ की काका मफलर न लावता दारात बसले आणि लाडवांवर लाडू खाल्ले. इतके खूश मी त्यांना पुन्हा पाहिलं नाही.

* * *

पुढच्या वर्षी दिवाळी लवकर आली. काकूंनी निर्धास्तपणे दार उघडलं, पणत्या लावल्या. आणि मागचं शेत पेटलं. वारा घराकडेच होता. दार लावेपर्यंत घर धुरानं भरलं, काकांचा श्वास अडकला. त्यांना त्यांच्याच हॉस्पिटलमध्ये नेलं. ते घरी परत आले नाहीत.

वॉल्टर टोपी हातात घेऊन आला. नव्या कॅलेंडरवरही त्यानं गेल्या वर्षीच्याच तारखेभोवती गोल करून ठेवला होता. "तुमच्या सणाला धूर नको म्हणून आधीच उरकून घेतलं मी," एवढंच तो पुन्हा पुन्हा म्हणत राहिला.

तो गेल्यावर काकू माझा हात धरून म्हणाल्या, "दिवाळीची तारीख दरवर्षी बदलते, हे त्याला सांगायचं माझ्या डोक्यातच आलं नाही गं."

डोक्यात येणार तरी कसं? आमच्याही कुठे आलं होतं!

* * *

काकू एडिसनला गेल्या. घर विकवेना, म्हणून किल्ली वॉल्टरकडे दिली. "त्याच्याकडे?" मिलिंद जवळजवळ ओरडलाच.

"शेजारी तोच आहे," काकू म्हणाल्या. "घराकडे दुसरं कोण बघणार?"

* * *

त्यानंतरच्या शरदात वॉल्टर फार्मसीच्या काउंटरवर आला. पंपाची पिशवी घेतली, पण हलेना.

"या वर्षी कुठल्या दिवशी?"

मी म्हटलं, "वॉल्टर, घरात कोणी नाही आता. तुम्ही पेटवा खुशाल."

"मी तारीख विचारली."

मी सांगितली.

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी मिलिंदला म्हटलं, चल, जरा काकूंच्या घरावरून गाडी ने. हवा लख्ख होती. मागे शेतात काडं तशीच उभी होती. वॉल्टर काकूंच्या पायरीवर टोपी मांडीवर ठेवून बसला होता, आणि त्याच्या मागे दार सताड उघडं होतं.