अंगठ्याएवढी फट

मी घरात शिरतो तेव्हा आधी माझे दात येतात आणि मागून मी, असं आमच्या घरात म्हणतात. म्हणणारी अर्थात बायकोच. शाळेत जाईपर्यंत मी अंगठा चोखायचो, त्याची ही कमाई. त्यामुळं चार वर्षांची नात अंगठा तोंडात घालून बसली, की मला कौतुकच वाटायचं. घराण्याचं काहीतरी पुढं चाललंय!

मुलगी आणि नात शिराळ्यात आमच्याकडंच असतात, जावई फौजेत. दुधाची बाटली सुटली आणि नातीनं अंगठा धरला. मग एकदा बायकोनं भाकरीचा पापुद्रा तिच्या हातात दिला. तिनं दातात धरून ओढला, तुटेना. मागचे दात मिटले तरी पुढं फट राहत होती. बायकोनं नातीचाच अंगठा त्या फटीत धरून बघितला. बरोब्बर बसला.

सांगलीच्या दातांच्या डॉक्टरीणबाईंना मी म्हणालो, "दुधाचेच दात की. पडतील."

"दात पडतील हो आजोबा. पण अंगठा जबड्यालाही वळण लावतो. पक्के दात यायच्या आत सवय सुटली, तर फट बहुतेक आपोआप मिटते. फक्त ओरडू नका."

परतीच्या एसटीत नात माझ्या मांडीवर झोपली होती. मी तो अंगठा बघत राहिलो. भुईमुगाच्या शेंगेएवढा, लोण्यासारखा मऊ. त्यानं हाड सरकवलं होतं! आमच्याकडं बांध सरकवायचा तर जेसीबी बोलवावा लागतो.

मी ओरडलो नाही. कोरफडीचा कडू गर लावला. तिनं चाखला, तोंड वाकडं केलं आणि अंगठा माझ्यापुढं धरला.

"आबा, तुमीच चाटा."

चाटला. बायको दिवसभर हसत होती.

नागपंचमीच्या आदल्या दिवशी तिनं मेंदीचा पाला वाटला आणि नातीच्या बोटांना टोप्या चढवल्या, अंगठ्यालाही. जावई सुट्टीवर यायचा होता.

"आज्जी, पप्पा येस्तवर रंग ऱ्हाईल?"

"तोंडात भिजिवलास तर कसा ऱ्हाईल? समदी बोटं लाल आन अंगठा पांढरा. पप्पा इचारतील की."

दुसऱ्या दिवशी नात पुरणाची दिंडं खाताना अंगठा लांब धरून बसली. दुपारी आडवी होताना माझ्याजवळ आली. "आबा, ह्यो धरा. झोपंत पळतो." तिची झोप होईस्तोवर तो अंगठा मुठीत धरून मी बसलो. पायाला मुंग्या आल्या, पण पहाऱ्यावरचा शिपाई हलतो होय?

जावई आला तेव्हा रंग विटला होता, पण सगळ्या बोटांवर सारखाच. त्यानं अंगठा निरखून पाहिला आणि म्हणाला, "लय लाल हाय गं!"

पुढं अधूनमधून अंगठा पळायचा. पण तो आता तिचा तीच परत आणायची. मग पळायचाही थांबला. आणि महिन्यामहिन्यानं ती फट बारीक होत गेली. तार नाही, औषध नाही. कुणी ढकललं नाही, कुणी ओढलं नाही. वाटेतला अंगठा तेवढा निघाला, आणि हाड आपलं आपण घरी परतलं.

परवा तिनं पापुद्रा दातात धरला. टक्कन आवाज आला.

"आबा, तुटला!"

उरलेला तुकडा तिनं माझ्या हातात ठेवला. कडेला इवल्या दातांची सलग कातर उमटली होती, मधे कुठंही खंड नाही. मी तो उजेडाला धरून फिरवत राहिलो.

"आवं, खावा की आता," बायको म्हणाली, "का फ्रेम करून लावताय?"