दोनदा आलेला निरोप

नवापूरच्या, कोंबडीची पिल्लं उबवून विकणाऱ्या हॅचरीतली ती चोरी मी अजून विसरलेलो नाही. निवृत्ती जवळ आली होती आणि ठाण्याचा प्रभारी मी होतो. आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर मी, याचा मला आजही अभिमान आहे. पण त्या दिवशी फिर्यादीचं म्हणणं मला पुन्हा पुन्हा विचारून घ्यावं लागलं.

हॅचरीचा मालक सांगत होता, सर्व्हर चोरीला गेला. मशीन कुठं आहे म्हणून विचारलं, तर म्हणाला, "जागेवरच आहे साहेब. चालूही आहे."

"मग पंचनामा कशाचा करायचा शेठ?" आमच्या हवालदारानं हसू दाबत विचारलं.

नंदुरबारहून सायबर शाखेचा अंमलदार आला, त्यानं उलगडा केला. एका मोठ्या यंत्राच्या पोटात तीन-चार सर्व्हर भाडेकरूंसारखे नांदतात. त्यातल्या एकाचं बिऱ्हाड जसंच्या तसं दुसऱ्या यंत्रात हलवता येतं, किंवा त्याची हुबेहूब नक्कलही काढता येते. मालकानं नुकताच गिऱ्हाइकांची नावं आणि भाव साठवलेला आपला सर्व्हर जुन्या यंत्रावरून नव्यावर असाच हलवून घेतला होता. तेव्हापासून गुजरातच्या सीमेपलीकडचा एक व्यापारी याच्या प्रत्येक गिऱ्हाइकाला बरोबर याच्यापेक्षा कमी भाव सांगू लागला होता.

मालकाचा संशय संगणक सांभाळणाऱ्या मुलीवर. चिंचपाड्याकडच्या कोकणी आदिवासी कुटुंबातली, घरात तीच पहिली शिकलेली. त्यानं कामगारांसमोर तिला चोर ठरवून घरी पाठवलं होतं आणि तक्रारीतही तिचंच नाव दिलं होतं. नवापूर केवढंसं गाव! हा डाग राहिला असता तर तिला पुन्हा कामावर कोणी ठेवलं नसतं.

महिला शिपायासमोर तिचा जबाब घेतला. माझा अनुभव असा, की खोटा माणूस स्वतःबद्दल फार बोलतो आणि खरा माणूस कामाबद्दल. ही कामाबद्दलच बोलत होती. अलीकडे काही वेगळं घडलं का, असं विचारल्यावर म्हणाली, आपल्याकडून पिल्लं नेणारे पोल्ट्रीवाले फोनवर टोमणे मारतात. लसीचा, खाद्याचा निरोप सर्व्हर रोज सकाळी आपोआप सगळ्यांच्या मोबाईलवर पाठवतो. तो मध्येच एखाद्या दिवशी दोनदा जात होता. नंदुरबारकडचे एक बाबा तर तिला म्हणाले होते, "ताई, येकच गोट दोनदा काबर सांगी ऱ्हायनी? बहिरा शेतस का आम्ही?" त्याबद्दलही मालकानं तिलाच झापलं होतं.

मी लिहिता लिहिता थांबलो. एक सर्व्हर एकदाच निरोप देतो. दोनदा येतो, म्हणजे त्याची नक्कल कुठंतरी चालू आहे. निरोप पोचवणाऱ्या कंपनीला पत्र दिलं. उत्तर आलं, की दुसरा निरोप पलीकडे गुजरातेतल्या एका संगणक दुकानातून निघतो. ज्या इंजिनिअरनं सर्व्हर हलवून दिला होता, त्याचंच ते दुकान.

तिथल्या पोलिसांच्या मदतीनं त्याला आणलं. मी आवाज चढवला नाही, चहा दिला. सर्व्हर हलवताना काढलेली नक्कल त्याच दिवशी पुसली, हे त्याचं एकच पालुपद.

"मग परवा सकाळी कोंबड्यांना लस द्या, हे आमच्या लोकांना तुझ्या दुकानातून कोण सांगत होतं?"

त्यानं कप खाली ठेवला. "साब, मैंने तो भाव देखने के लिए खोला था. नेट निकालना भूल गया. वो अपने आप काम पे लग गया."

त्याची हार्ड डिस्क पंचांसमक्ष जप्त केली. त्याच्याकडून ते भाव विकत घेणाऱ्या व्यापाऱ्यालाही आरोपी केलं.

मालक ठाण्यात येऊन मुलीला म्हणाला, उद्यापासून ये.

"येईन शेठ," ती म्हणाली. "पण चोर म्हणालात ते सगळ्यांसमोर. आता नाही म्हणायचं तेही सगळ्यांसमोर म्हणा."

शेठनं माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, तक्रारीतलं हिचं नाव मागे घेण्याचा पुरवणी जबाब मी लिहून घेईन, पण हे काम तुमचं. दुसऱ्या दिवशी पाळी सुरू होताना त्यानं ते सांगितलं. मी मुद्दाम फाटकाशी उभा होतो.

चोरी म्हटली की नाहीशा झालेल्या वस्तूच्या मागं जायचं, एवढंच आम्हाला शिकवलेलं. इथं वस्तू जागची हललीच नव्हती, म्हणून बोट गेलं ते त्या वस्तूच्या सर्वांत जवळ बसणाऱ्या माणसाकडे. नंतर कोणी संशयिताचं नाव घेऊनच ठाण्यात आलं, की मी विचारायचो, याला सोडून त्या वस्तूला अजून कोणाचा हात लागला होता? फिर्यादीला तो माणूस आठवायला बहुतेकदा वेळ लागायचा. तेवढा वेळ मी द्यायचो.