सव्वासातची हरसूल गाडी

मी गेली अकरा वर्षं नाशिकहून हरसूलच्या अलीकडच्या एका गावात शिकवायला जाते. रोज अपडाऊन, रोज तीच सव्वासातची लाल गाडी. शाळेत पोचले की स्टाफरूममध्ये पहिला प्रश्न येतो, आज गाडीत काय झालं? पोरं किती आली हे नंतर. सुरुवातीला मी एखादा किस्सा सांगून मोकळी व्हायचे. मग ते साठायला लागले, डब्याच्या पिशवीच्या तळाशी जुन्या तिकिटांच्या सुरळ्या साठतात तसे. तिकिटं मी दिवाळीला फेकून देते. किस्से फेकवत नाहीत.

गाडीवर इतकी वर्षं दोन माणसं कायमची. चालवायला खैरनार मामा, मूळचे सटाण्याकडचे. रागावले किंवा खूश झाले की अहिराणीत बोलतात, एरवी बोलतच नाहीत. आणि तिकिटं फाडायला गांगुर्डे ताई, म्हणजे कंडक्टर. त्यांनी बोलायचं काम दोघांच्या वाटचं उचललेलं.

*

एकदा स्टँडवरच एक गृहस्थ चढले. आपण रिटायर्ड इंजिनिअर आहोत असं त्यांनी कोणी न विचारता सांगितलं. बसायला जागा होती, पण ते जाऊन थेट मामांच्या पाठीमागे उभे राहिले. आणि सुरू झाले.

गिअर उशिरा टाकलात. इथे ओव्हरटेक करायला हवं होतं. हा ट्रकवाला तुम्हाला साइड देत होता, तुम्ही घेतली नाहीत. डिझेल असं वाचत नसतं, क्लचवर पाय कशाला ठेवता. त्र्यंबक मागे पडलं, घाट आला, तरी यांची टकळी चालूच. मामांच्या डोक्यावर ‘चालकाशी बोलू नये’ अशी पाटी होती. गृहस्थांनी तिला हाताने धरून तोल सांभाळला होता.

घाट संपला आणि मामांनी गाडी रस्त्याच्या कडेला घेतली. हँडब्रेक ओढला. इंजिन बंद केलं. मान वळवून अगदी अदबीने म्हणाले, “आते बोला साहेब. गाडी उभी शे. तुमचं संपलं की निघू.”

गाडीतले पन्नास जण गृहस्थांकडे बघायला लागले. मागून कोणीतरी म्हणालं, सावकाश होऊ द्या, आम्हाला घाई नाही. गृहस्थ माझ्या पुढच्या सीटवर येऊन बसले आणि त्यांनी पेपर उघडला. पेपर मराठी होता आणि उलटा होता.

*

मामा स्टॉपवर कधी थांबत नसत. चांगली तीस-चाळीस पावलं पुढे जाऊन थांबत. मग स्टॉपवरची माणसं पिशव्या, कोंबड्या, म्हाताऱ्या सांभाळत गाडीमागे पळत. मला फार राग यायचा. तीन वर्षं गिळला, मग एकदा उतरताना विचारलंच, की मामा, हा माज कशासाठी?

मामांनी नीट समजावून सांगितलं. स्टॉपवर थांबलं की चढणारे दरवाजात घुसतात आणि उतरणारे आतच अडकतात. पुढे जाऊन थांबलं की चढणारे पळत येईपर्यंत उतरणारे निवांत उतरून होतात. पळाल्यामुळे चढणारे दमलेले असतात, भांडत नाहीत.

मला हे पटलं, म्हणून मी गावात चार जणांना सांगितलं. ती माझी चूक. आठ दिवसांत निम्मं गाव स्टॉपच्या चाळीस पावलं पुढे उभं राहायला लागलं. मामांनी हे बघितलं आणि बरोबर स्टॉपवर गाडी उभी केली. त्यानंतर लोकांनी विचार करून दोन गट केले. एक स्टॉपवर, एक पुढे. मग मामा मधोमध थांबायला लागले. दोन्हीकडून लोक पळत येत आणि दरवाजात एकमेकांवर आपटत.

*

मध्ये कधीतरी चालक-वाहकांना प्रवाशांशी कसं वागावं याचं ट्रेनिंग झालं. दोन दिवस, चहा-नाश्त्यासह. परत आल्यावर गांगुर्डे ताई पहिल्या दिवशी गाडीच्या मधोमध उभ्या राहिल्या, हात जोडले आणि मोठ्याने म्हणाल्या, “नमस्कार. आपल्या सर्वांचं स्वागत आहे. आपला प्रवास सुखाचा होवो.”

रोज ‘पुढे सरका, मागे काय सोनं ठेवलंय का’ ऐकणारी माणसं एकमेकांकडे बघायला लागली. तिसऱ्या सीटवरचे एक आजोबा उठले, वरची पिशवी काढली आणि दरवाजाकडे निघाले. ताईंनी विचारलं, बाबा, कुठे?

“गाडी पुढं जाणार नाय ना? तसं सांगा की सरळ. हात कशापायी जोडता?”

ताईंनी त्यांना बसवलं. मामांनाही ट्रेनिंगमध्ये प्रवाशांकडे बघून हसायला सांगितलं होतं. ते वळून हसले. तेव्हा मात्र दोघं उतरली.

*

हा किस्सा आमच्या गाडीतला नाही, माझ्या मिस्टरांच्या सिटी बसमधला आहे. ते सातपूरला एका कंपनीत आहेत, फर्स्ट शिफ्टला सिटी बसने जातात. त्या बसमध्ये पुढचा थांबा सांगणारं मशीन आहे. एका बाईचा गोड आवाज येतो. फक्त त्यांच्या रूटवरच्या एका बसमधली ती बाई बरेच दिवस एक थांबा मागे होती. बस निघून गेली की ती त्या थांब्याचं नाव घ्यायची. रोजच्यांना सवय झालेली. ते तिने नाव घेतलं की मनात एक मिळवत आणि उतरत.

एक दिवस बाहेरगावचे एक पाहुणे मशीनचं ऐकून उठले, दरवाजाशी गेले, आणि खाली बघतात तर वेगळाच चौक. ते ड्रायव्हरवर उखडले. तुमचं मशीन चुकीचं सांगतंय म्हणाले.

ड्रायव्हर शांतपणे म्हणाला, “मशीन बरोबर आहे साहेब. आपणच पुढे आलोय.”

पाहुणे त्यावर विचार करत पुढच्या थांब्यावर उतरले. तोही त्यांचा नव्हता.

*

खिडकीतून रुमाल, टोपी, पिशवी टाकून जागा धरणं हा आपल्याकडे कायदाच आहे. रुमाल कोणी उचलला तर भांडण होतं आणि गाडी रुमालवाल्याच्या बाजूने उभी राहते. पण मी एकदा जे पाहिलं ते रुमालाच्या पलीकडचं होतं.

हरसूलचा बाजार होता. शाळेच्या कामासाठी मी तिथे गेले होते आणि परतीच्या गाडीत लवकर जाऊन खिडकीशी बसले होते. दरवाजात ही झुंबड. तेवढ्यात खिडकीखालून एका बाईने काहीतरी गाठोडं वर केलं. “धरा बाई, जागा ठेवा,” एवढं म्हणून ती दरवाजाकडे पळाली. मी गाठोडं घेऊन शेजारच्या सीटवर ठेवलं. गाठोड्याने जांभई दिली.

सात-आठ महिन्यांचं बाळ होतं. मी दरवाजाकडे बघत राहिले. बाई काही दिसेना. गाडी गच्च भरली, ताईंनी डबल बेल दिली, दरवाजा लागला आणि गाडी निघाली. मी ओरडले, ताई, गाडी थांबवा, माझ्याकडे बाळ आहे.

गर्दीच्या पलीकडून ताईंचा आवाज आला, “असू द्या मॅडम. लहानाला तिकीट नाही.”

माझं नाही, माझं नाही, हे त्यांच्यापर्यंत पोचायला अर्धा किलोमीटर गेला. कारण प्रत्येकाने ते मागच्याला सांगताना थोडं बदललं. ताईंपर्यंत पोचलं ते असं, की मॅडम बाळाला आपलं म्हणायला तयार नाहीत. मग गाडी थांबली. वळवायला जागा नव्हती. मामांनी काही न विचारता रिव्हर्स टाकला. ताई खाली उतरून शिट्टी वाजवत मागे चालल्या आणि अख्खी गाडी अर्धा किलोमीटर उलटी गेली. मी बाळाला छातीशी घट्ट धरलं होतं. आई सापडली नाही तर काय, कुठल्या गावची, नाव काय, हे सगळं डोक्यात फिरत होतं. बाळ माझ्या मंगळसूत्राशी खेळत होतं.

आई स्टँडच्या कट्ट्यावर भाजीची पाटी शेजारी ठेवून बसली होती. रडत नव्हती, शोधत नव्हती. आमची गाडी उलटी येताना पाहून पाटी डोक्यावर घेतली आणि उठली. लोकांनी तिला वाट करून दिली. ताईंनी तिला फैलावर घेतलं, की अगं, लेकरू गेलं असतं म्हणजे?

ती म्हणाली, “कुठं जाणार? मॅडमकडं व्हतं.” मग मला विचारलं, “जागा धरली ना?”

तीच जागा होती. ती बसली आणि दोन मिनिटांत झोपली. बाळ माझ्याच मांडीवर राहिलं.

*

पंचाहत्तरच्या वरच्यांना गाडीत तिकीट नाही, पण आधार कार्ड दाखवावं लागतं. एका एक जानेवारीला ताई कार्ड बघत पुढे आल्या आणि मध्येच थांबल्या. पुन्हा मागे गेल्या. पुन्हा कार्डं बघितली. सात म्हातारी माणसं होती आणि सातही जणांचा जन्म एक जानेवारीचा होता. तारीख माहीत नसली की कार्ड काढणारा हीच टाकतो, हे आम्हा मास्तरांना ठाऊक असतं. आम्हीही शाळेत एक जून टाकत आलोय. पण ताईंनी मनावर घेतलं. मामांना सांगितलं, मामांनी घाट चढताना लांबलचक हॉर्न दिला आणि सगळ्या गाडीने टाळ्या वाजवल्या.

एका आजीला हे काय चाललंय कळेना. तिला सांगितलं, आजी, आज तुमचा वाढदिवस आहे.

आजीने जरा विचार केला. “मग त्यात मला काय करावं लागतं?”

मामा आरशात बघत म्हणाले, “काही नाही आजी. बसून राहायचं.”

*

गेल्या वर्षी मामा रिटायर झाले. या एका रस्त्यावर त्यांची बावीस वर्षं गेली होती. शाल-नारळ झाला, फोटो झाले, ताई बोलता बोलता रडल्या. नवीन ड्रायव्हर आला, तरुण, चांगला मुलगा आहे.

पुढच्या सोमवारी सव्वासातच्या गाडीत खैरनार मामा चढले. पांढरा शर्ट, हातात काही नाही. मी विचारलं, मामा, हरसूलला काही काम काढलं का? नाही म्हणाले, सहज.

ते ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर बसले. वळण आलं की त्यांचा उजवा पाय जमिनीवर दाबला जायचा. नवीन मुलगा आरशात बघून घामाघूम होत होता. तिसऱ्या वळणाला शेजारची बाई म्हणाली, बाबा, पाय काढा, खाली माझे टमाटे आहेत. मामा ओशाळले. उठून मागे आले आणि माझ्या पुढच्या सीटवर डाव्या बाजूला खिडकीशी बसले. अकरा वर्षांत या गाडीत ते डाव्या खिडकीशी बसल्याचं मी पाहिलं नव्हतं.

घाट उतरला. डावीकडे झाडांच्या आड एक तळं लागतं. फार मोठं नाही. थंडीत त्यावर धुकं असतं, बगळे असतात. मी रोज बघते, म्हणजे आता बघत नाही. मामा एकदम पुढे झुकले. मान वळवून तळं दिसेनासं होईपर्यंत बघत राहिले. मग मला म्हणाले, “मॅडम, हे पाणी इथं कधीपासून आहे?”

मी सांगितलं, पहिल्यापासूनच आहे मामा.

ते हरसूलपर्यंत गेले आणि त्याच गाडीने परत गेले, असं ताईंनी संध्याकाळी सांगितलं.

दुसऱ्या दिवशी मामा काकूंना घेऊन आले. काकू ठेवणीतली साडी नेसल्या होत्या. मामांनी त्यांना डाव्या खिडकीशी बसवलं आणि स्वतः कडेला बसले. घाटभर त्यांची चुळबुळ चालू होती. घाट उतरला तशी त्यांनी काकूंच्या खांद्यावरून हात पुढे केला आणि बोट दाखवलं.

काकूंनी तळ्याकडे बघितलं. मग मामांकडे बघितलं.

“तुमची ह्या रोडला बदली झाली तेव्हा पहिल्या दिवशी मी आले होते गाडीत. मी दाखवलं होतं तुम्हाला हे. तुम्ही म्हणालात, येताना बघू.”