फाटकापर्यंतचा बर्फ

सकाळी उठल्यावर आधी खिडकीबाहेरचा तापमापक बघणार, मग घड्याळ.

उजव्या हातात मोजा घालणार नाहीत. लोखंड किती गार आहे ते हाताला कळायला हवं, हे कारण.

ट्रॅक्टरचा स्पार्क प्लग तव्यावर शेकणार. त्यासाठी वेगळा तवा. तो पोळीच्या तव्याशेजारीच टांगलेला, आणि त्यावरून काकूंशी चौदा वर्षं वाद.

संध्याकाळी इंजिनावर गोधडी घालणार. चाकांखाली फळ्या सरकवणार.

बर्फ ढकलायच्या पात्याला मेणबत्त्यांचे उरलेले तुकडे घासणार, म्हणजे बर्फ चिकटत नाही.

चहाचा शेवटचा घोट कपात ठेवून देणार. पण हातात घेतलेलं काम पुरं झाल्याशिवाय जेवायला बसणार नाहीत.

पद्माकर खांबेटे, वय त्र्याहत्तर. र्युसेल्सहाइमच्या मोटारींच्या कारखान्यात त्यांनी एकतीस वर्षं इंजिनं तपासली. निवृत्त झाल्यावर पुण्याला परत गेले नाहीत. टाउनसच्या डोंगरात, जिथे फ्रँकफर्टची एस-बान लोकल संपते आणि पुढे बस घ्यावी लागते, तिथे एका चढाच्या गल्लीत घर घेतलं. त्या घराची वरची खोली मी दोन वर्षांपूर्वी भाड्याने घेतली. मी फ्रँकफर्टला साहित्यात पीएचडी करते. शहरात खोली मिळाली नव्हती.

माझं नाव तनया. मी त्यांना काका म्हणायचे, त्यांच्या बायकोला शुभदाकाकू. ते मला साहित्यिक म्हणत.

"साहित्यिक, तुमच्या कादंबऱ्यांत कुणी कधी तेल बदलतं का हो?" पहिल्याच आठवड्यात त्यांनी विचारलं.

मी विचार केला. एकही आठवली नाही.

"मग त्यांची माणसं चालतात कशी?"

ट्रॅक्टर बागकामाचा होता. एकोणीसशे बासष्टचा, एका सिलिंडरचा, माझ्या कमरेएवढा उंच. दोरी गुंडाळून ओढली की सुरू व्हायचा. काका त्यावर बसले की मोठा माणूस लहान मुलाच्या सायकलवर बसल्यासारखा दिसायचा. ते त्याला म्हातारा म्हणत. उन्हाळ्यात म्हातारा गवत कापायचा. हिवाळ्यात त्याच्या पुढे पातं लागायचं आणि तो गल्लीतला बर्फ ढकलायचा.

आमच्या गल्लीत नऊ घरं आहेत. नगरपालिकेची गाडी इतक्या अरुंद चढावर येत नाही. सकाळी सातच्या आत आपापल्या दारापुढचा बर्फ काढायचा, असा नियम आहे. मधल्या रस्त्यासाठी पाळ्या असतात. ज्याचा आठवडा, त्याच्या दारावर एक लाकडी पाटी लटकते. आठवडा संपला की पाटी पुढच्या दारावर.

ती पाटी चौदा वर्षांपूर्वी काकांच्या दारावर आली आणि तिथेच राहिली.

"पुढे द्यायला विसरलो," ते शेजाऱ्यांना सांगत. दर आठवड्याला विसरत.

म्हातारा आधी हेल्मुट केसलर यांचा होता. गल्लीच्या वरच्या टोकाला त्यांचं घर. शेवटच्या आजारात त्यांनी काकांना शेडमध्ये बोलावलं आणि म्हणाले, गाडी तू घेऊन जा, फक्त लोटेचं फाटक मोकळं ठेव. काकांनी मला ही गोष्ट एकदाच सांगितली, तीही नट पिळता पिळता.

लोटे म्हणजे त्यांची बायको, फ्राउ केसलर. त्या आता शहाऐंशी वर्षांच्या आहेत. दोन वर्षांपूर्वी त्यांची मूत्रपिंडं निकामी झाली. सोमवार, बुधवार, शुक्रवार सकाळी पावणेसातला टॅक्सी येते आणि त्यांना डायलिसिसला घेऊन जाते. त्यांना चढ उतरता येत नाही. टॅक्सी फाटकापर्यंत आली तर उपचार होतात.

म्युनिकला त्यांचा पुतण्या आहे. त्याच्या मनात त्यांना आल्टेनहाइममध्ये, वृद्धाश्रमात, ठेवायचं होतं. दवाखान्याच्या शेजारीच एक चांगला होता. त्याचं चुकत नव्हतं. त्याला काळजी होती.

"चांगला असेल," फ्राउ केसलर म्हणत. "त्याला जाऊन राहू दे तिथे."

काका हिवाळ्याची तयारी दसऱ्याच्या आत उरकत. गेल्या वर्षीही उरकली. जाड तेल काढून पातळ घातलं. जुनं पेट्रोल काढून टाकलं. टाकी धुतली आणि वाळायला उघडी ठेवली. टाकीच्या तोंडात पितळी जाळीची एक गाळणी असते. ती इतकी जुनी झाली होती की त्यांच्या बोटांत चुरा झाली.

"नवीन करू सावकाश," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी होती. काकांनी हत्यारं मांडली. पाने, हातोड्या, कानशी, आणि मध्ये म्हातारा. शुभदाकाकूंनी फुलं वाहिली. काकांनी हळद-कुंकू लावलं, अक्षता वाहिल्या. मी पेढा खाल्ला.

बर्फ जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात पडला. सोमवारी पहाटे प्लग शेकला, दोरी ओढली, म्हातारा सुरू झाला. आठ मिनिटं चालला आणि खोकून बंद पडला. दहा मिनिटं थांबल्यावर परत सुरू झाला, परत बंद पडला. उरलेला बर्फ काकांनी फावड्याने काढला. टॅक्सी कशीबशी आली.

"कॉइल," काका म्हणाले. "ठिणगी तीच देते. तापली की दगा देते. निवली की चालते. आल्झो, म्हणजे सरळ आहे."

कॉइल मागवली. मंगळवारी आली. मंगळवारीच बसवली. बुधवारी म्हातारा सात मिनिटं चालला.

त्या दिवशी गुडघाभर बर्फ होता. टॅक्सी खाली मुख्य रस्त्यावर थांबली. टॅक्सीवाला वर चालत आला, फाटक बघितलं आणि मान हलवली. काका शेडमध्ये गेले आणि हेल्मुटची बर्फावरून ओढायची लाकडी स्लेज घेऊन आले. फ्राउ केसलरना त्यावर बसवलं, वर दोन ब्लँकेटं घातली. काका पुढे दोरी धरून, टॅक्सीवाला मागून आवरत. मी त्यांची पर्स घेऊन.

"सत्तर वर्षांनी," त्या म्हणाल्या. "जरा जोरात चला की, हेर खांबेटे."

खाली पोचल्यावर काका वाकून उभे राहिले. बराच वेळ सरळ झाले नाहीत. तेव्हा मला वाटलं, दम लागला.

हे पुतण्याला कळलं. संध्याकाळी त्याचा काकांना फोन आला. तो सभ्यपणे बोलला. आपली काकू स्लेजवरून दवाखान्यात जाते, हे त्याला चालणार नव्हतं. शुक्रवारी टॅक्सी फाटकापर्यंत आली नाही, तर शनिवारी येऊन तो त्यांना घेऊन जाणार होता.

काकांनी फोन ठेवला. काकू म्हणाल्या, "अहो, फावड्याने काढू सगळे मिळून."

"नऊ घरांत साठीच्या खाली कोण आहे?"

काकूंनी माझ्याकडे बघितलं.

"एक साहित्यिक," काका म्हणाले.

गुरुवारी त्यांनी म्हातारा सुटा केला. कार्बुरेटर उघडला, फुंकला, परत बसवला. पेट्रोलची नळी काढून धार बघितली. धार बरोबर होती. पॉइंट्स घासले. दुपार झाली. जेवले नाहीत. मग हात पुसले आणि फ्राउ केसलरकडे गेले. सोबत मी, काकूंनी दिलेलं सूप घेऊन.

डॉक्टरला आजार सांगावा तसं काकांनी त्यांना म्हाताऱ्याचं सगळं सांगितलं. किती वेळ चालतो, कसा खोकतो.

"हेल्मुट आधी टाकीत बघायचा," त्या म्हणाल्या.

"टाकी मी ऑक्टोबरात धुतली."

"तरी बघायचा. पुतण्या लहानपणी टाकीत चेरीच्या बिया टाकायचा."

"आमच्याकडे लहान मुलं नाहीत."

"नाहीत," त्या म्हणाल्या. सूप ढवळलं. "पण ऑक्टोबरात तुम्ही गाडीला फुलं घातलीत आणि वरून काहीतरी फेकलंत. मी खिडकीतून बघत होते. मला वाटलं, तिचं लग्न लावताय."

काकांनी कप खाली ठेवला, उठले आणि टोपी न घेता बाहेर पडले.

टाकी त्यांनी वर्तमानपत्रावर उपडी केली, हलवली, परत हलवली. तीन तांदूळ पडले. एकाच्या कडेला अजून कुंकू होतं.

इंजिन चालू झालं की पेट्रोलच्या ओढीने दाणा टाकीच्या भोकाशी जाऊन बसायचा. बंद पडलं की सुटायचा. त्यांनी मला हे समजावलं तेव्हा त्यांचा आवाज अगदी बारीक झाला होता.

"एकतीस वर्षं पोरांना सांगत आलो. आधी टाकी बघा."

दारात काकू उभ्या होत्या. "मी फुलं वाहिली," त्या म्हणाल्या. "मूठभर अक्षता कुणी टाकल्या?"

"देवाला कमी पडू नये म्हणून टाकल्या."

"देवाला मिळाल्याच नाहीत. सगळ्या ह्याने खाल्ल्या."

काका हसायला लागले. मग त्यांना थांबता येईना. स्टुलावर बसून, डोळे पुसत, तळव्यावर ते तीन दाणे घेऊन ते हसत राहिले.

शुक्रवारी म्हातारा पंचेचाळीस मिनिटं चालला. काकांनी गल्ली खालून वर साफ केली, फाटकापुढे दोनदा पातं फिरवलं. टॅक्सी वर आली. फ्राउ केसलर आत बसल्या आणि काच खाली केली.

"झाकण लावत जा, हेर खांबेटे."

"गेनाऊ, अगदी बरोबर," काका म्हणाले.

पुतण्या शनिवारी आला नाही. फोन मात्र केला आणि आभार मानले.

त्यानंतर काकांनी गाळणी करायला घेतली. काकूंची चहाची जुनी पितळी गाळणी त्यांनी न विचारता कापली. काकूंना ते चहा करताना कळलं. दोन दिवस आम्ही चहापत्तीसकट चहा प्यायलो. पितळी कडीला जाळी चार ठिकाणी डाख देऊन जोडायची होती. रविवारी सकाळी ते शेडमध्ये बसले. दीड वाजता काकूंनी जेवायला हाक मारली, आणि ते लगेच आले.

"झाली?" काकूंनी विचारलं.

"दोन टाके राहिलेत. जेवून करतो."

मला तेव्हा काही वाटलं नाही. आता वाटतं. ते काम टाकून जेवायला आले होते.

जेवून ते खिडकीपाशी खुर्चीत बसले. चार वाजता काकू चहा घेऊन गेल्या. ते उठले नाहीत.

त्या दिवसाबद्दल मला एवढंच लिहिता येतं.

त्यांची मुलगी संपदा बॉनहून आली. शेजारचे सगळे आले. कुणीतरी दारावरची पाटी काढून हातात घेतली, आणि कुठे ठेवावी ते न कळून परत लावली.

मंगळवारी रात्रभर बर्फ पडला. बुधवारी पहाटे मला तापलेल्या लोखंडाचा वास आला. मी खाली गेले. काकू स्वयंपाकघरात उभ्या होत्या, स्वेटरवर काकांचा कोट. तव्यावर प्लग होता. तवा पोळीचा होता.

संपदा मागे आली. "आई, काय करतेस? अजून दहा दिवसही नाही झाले."

"फाटकाला सुतक नसतं," काकू म्हणाल्या. चिमट्याने प्लग उचलला.

त्या कधीही ट्रॅक्टरवर बसल्या नव्हत्या. पण चौदा वर्षं खिडकीतून टीका करत आल्या होत्या, त्यामुळे त्यांना सगळं माहीत होतं. गोधडी काढली. चोक ओढला. दोरी गुंडाळली. चौथ्या झटक्याला म्हातारा सुरू झाला. त्यांनी गल्ली वाकडीतिकडी साफ केली. दोन कुंपणांना पातं घासलं. फाटकापुढचा भाग मात्र नीट, दोनदा.

पावणेसातला टॅक्सी वर आली. फ्राउ केसलर आत बसण्याआधी म्हाताऱ्याशेजारी थांबल्या. काकूंच्या कोटाची बाही त्यांनी दोन्ही हातांत धरली. मग त्यांनी टाकीच्या झाकणाकडे बोट केलं.

"ती गाळणी झाली का?"

"दोन टाके राहिलेत," काकू म्हणाल्या.

आता मार्च संपत आलाय. फ्राउ केसलर त्यांच्या घरातच आहेत. पाटी आमच्या दारावर आहे. पेट्रोल भरताना काकू टॉर्च लावून टाकीत बघतात, मग झाकण घट्ट पिळतात. डाख द्यायला शेजारचे दोघे-तिघे तयार आहेत. काकू त्यांना चहा देतात, शेडची किल्ली देत नाहीत.

गाळणी वाइसच्या जबड्यात तशीच आहे. दोन बाजू जोडलेल्या, दोन सुट्या. शेजारी डाखाच्या तारेचं वेटोळं, एक टोक वर काढून ठेवलेलं.